'बघू' म्हणजे बघणं नव्हे!

गेल्या खेपेला डिंकाच्या लाडवांबद्दल लिहिलं, तर तुमच्या पत्रांचा हा ढीग पडला. कुणाचा डिंक फुललाच नाही, कुणाचा पाक पुढे गेला, कुणाच्या लाडवांनी दात हलायची वेळ आणली. त्या सगळ्या पत्रांना उत्तरं देणारच आहे. पण आज विषय जरा वेगळा आहे. आज मी तुम्हाला चक्क काही जपानी शब्द सांगणार आहे. "बाईंना झालंय तरी काय?" असं म्हणून पान उलटू नका. शब्द जपानी असले, तरी गोष्ट तुमच्या-माझ्या घरातलीच आहे.

माझी भाची घाटकोपरला राहते. नर्सिंगचा कोर्स झाला, दोन वर्षं नोकरीही झाली, आणि आता तिनं जपानला जायचं मनावर घेतलंय. तिकडे म्हातारी माणसं फार आणि त्यांची देखभाल करणारे हात थोडे. म्हणून २०१९ पासून त्या देशानं अशा कामांसाठी बाहेरच्या माणसांना वेगळा परवाना द्यायला सुरुवात केली, आणि २०२१ साली भारताशी तसा करारही केला. पण जायचं तर आधी भाषा यायला हवी. तिच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत. एन-५ सगळ्यांत सोपी, एन-१ सगळ्यांत अवघड. जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ही परीक्षा असते. भाचीची चौथ्या नंबरची पायरी डिसेंबरात होती. त्यांच्या दोन खोल्यांत टीव्ही, पाहुणे आणि धाकट्या भावाचा गलका, म्हणून पोर पुस्तकं घेऊन दुपारची आमच्याकडे मुलुंडला यायची.

अशीच एक दुपार. हे कामावर गेलेले, सासूबाई आडव्या झालेल्या. मी ताटात तांदूळ घेऊन निवडत बसले होते. भाची समोर वही उघडून. एकदम वैतागून म्हणाली,

"मावशी, 'नीट तपासून बघणं' याला जपानीत एक शब्द नाही गं. ढीगभर आहेत! कुठला कुठे वापरायचा तेच कळत नाही."

मी म्हटलं, "अगं, मग मराठीत तरी कुठे एक आहे? हे काय, मी तांदूळ निवडतेय. डाळ असती तर पाखडली असती. पीठ असतं तर चाळलं असतं. मेथी असती तर निसली असती."

तिनं लगेच वहीच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे मराठी, उजवीकडे जपानी. आणि आमचा खेळ सुरू झाला.

डावीकडची बाजू मी भराभर भरली. सोनं पारखायचं, हिशेब पडताळायचा, वीज गेली की काडेपेटी चाचपायची. अर्जांची छाननी होते, गोष्टीची शहानिशा करतात, आणि मुलगी दाखवायच्या वेळी आलेली मंडळी तिला न्याहाळतात. बाजारात तर आपले हात आपोआप चालतात. भेंडीचं टोक मोडून बघायचं, कट्कन मोडलं तर कोवळी. दुधीला हळूच नख लावायचं. नारळ कानाशी नेऊन हलवायचा. पापलेटचे कल्ले उचलून आत लाल आहे का बघायचं, मग कोळीण कितीही ओरडो! मैत्रिणींनो, कुठल्या शाळेत शिकलो हो आपण हे सगळं? आईच्या मागे पिशवी धरून उभ्या राहिलो, एवढंच.

आता उजवी बाजू. ती भाचीनं सांगितली आणि मला फार मजा वाटली.

पहिला शब्द 'शिराबेरु'. म्हणजे शोध घेणं, तपास करणं. पण हा शब्द मुळातला गाण्यातला आहे. वाद्याचे सूर जुळवणं हा त्याचा जुना अर्थ, आणि 'शिराबे' म्हणजे सुरावट. गवई तंबोरा कसा लावतो आठवा. खुंटी किंचित पिळायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा पिळायची. घाई केली की तार बेसूर. तपास करायचा तो असा, कान देऊन. पुढे हाच शब्द पोलिसांच्या चौकशीलाही चालू लागला आणि शब्दकोशात शब्द धुंडाळायलाही.

दुसरा 'गिन्मी'. हा तर आपलाच, स्वयंपाकघरातला. 'मी' म्हणजे चव. पहिल्या अक्षराचा अर्थ हलक्या आवाजात म्हणणं, आळवणं. कविता घोळवून घोळवून म्हणायची आणि तिची चव घ्यायची, यावरून पारखून घेण्याला हा शब्द आला. पूर्वी तिथल्या न्यायकचेरीतल्या उलटतपासणीलाही गिन्मीच म्हणत. आज एखादा दुकानदार "आमचा माल गिन्मी करून निवडलेला आहे" असं म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ एकेक जिन्नस पारखून घेतलेला.

याच घरातला आणखी एक शब्द म्हणजे 'मेकिकी'. 'मे' म्हणजे डोळा. ज्याचा डोळा तयार झालाय असा माणूस. तोक्योच्या मासळीबाजारात भले मोठे ट्यूना मासे ओळीनं मांडलेले असतात. घेणारे व्यापारी हातात विजेरी घेऊन शेपटीकडचा कापलेला भाग बघतात, मांसाचा कण बोटांत चुरून त्यातलं तेल जोखतात. मी भाचीला म्हटलं, "आमच्या बाजारातल्या बायका विजेरीवाचून जोखतात!"

तिसरा 'तेन्केन'. 'तेन' म्हणजे ठिपका. एकेक ठिपका, एकेक मुद्दा घेऊन पाहणं. परीटघडीचे कपडे मोजून घेताना आपण वहीत खुणा करतो ना, तसं. यंत्रांची, आगगाड्यांची, गॅसच्या नळ्यांची तपासणी ती तेन्केन. जपानी आगगाड्यांचे चालक तर सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलतात, "सिग्नल हिरवा!" डब्यात ऐकायला कुणी नसलं तरी बोलतात. मला आधी हसू आलं. पण तिथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेनं प्रयोग करून पाहिला, तेव्हा शंभर वेळा काम करताना २.३८ चुका व्हायच्या, त्या बोट दाखवून आणि बोलून केल्यावर ०.३८ वर आल्या. तेव्हापासून रात्री झोपताना मी गॅसकडे बोट दाखवून म्हणते, "गॅस बंद!" सासूबाईंना वाटलं सुनेला वेड लागलं. पण "गॅस बंद केला का गं?" म्हणून रात्री दोनदा उठायच्या त्या, ते मात्र थांबलं.

चौथा 'ताशिकामेरु'. म्हणजे खात्री करून घेणं. ठाऊक असतंच, तरी एकदा बघायचं. कुलूप लावल्यावर आपण ते ओढून पाहतो, तसं.

पाचवा 'केन्सा'. रक्ताची, लघवीची, शाळेतल्या डोळ्यांची, अशी ठरलेल्या पद्धतीनं केलेली चाचणी. यातला 'केन' म्हणजे तपास. तेन्केनमधला 'केन'ही तोच.

आणि या सगळ्यांच्या पोटात साधा 'मिरु', म्हणजे बघणं. बोलायला एकच, पण लिहायच्या वेळी निरनिराळ्या चित्रलिपीत लिहितात. सहज बघणं एका अक्षरात, डॉक्टरनं रोग्याला तपासणं दुसऱ्या अक्षरात, आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणं तिसऱ्यात. ते तिसरं अक्षर भाचीनं मला काढून दाखवलं. वर हात आणि खाली डोळा. दूरचं दिसावं म्हणून कपाळावर हात धरून बघतात ना, तसं. जी बाई रात्रभर आजाऱ्याच्या उशाशी बसली आहे तिचं ते बघणं. आपणही "म्हाताऱ्या आईला कोण बघतं?" असं म्हणतोच की!

आणखी एक गंमत सांगते. आपण म्हणतो 'खाऊन बघ', 'करून बघ', 'नेसून बघ'. इंग्रजीत असं बोलता येत नाही, पण जपानीत अगदी शब्दाला शब्द! 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, 'इत्ते मिरु' म्हणजे जाऊन बघणं. क्रियापदही आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी. भाची म्हणाली, "वर्गातल्या मराठी मुलींना हा धडा सगळ्यात सोपा जातो."

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग तिनं पुढचं वाक्य वाचलं. 'इशा नि मिते मोराऊ.' म्हणाली, "याचा अर्थ डॉक्टरांकडून बघून घेणं." आणि वहीतून मान वर करून सहज विचारलं,

"मावशी, तू शेवटचं कधी गं डॉक्टरांकडून बघून घेतलंस?"

माझा हात तांदळातच थांबला.

मैत्रिणींनो, आता खरं सांगते. हे लिहावं की नाही म्हणून दोन दिवस विचार करत होते. श्रावणात एकदा अंघोळ करताना माझ्या डाव्या स्तनात हाताला गाठ लागली. वाटाण्याएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती. मनात म्हटलं, गणपती तोंडावर आलेत, ते झाले की बघू. गणपती गेले, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. ते झालं की बघू. मग नवरात्र, मग दिवाळीचा फराळ, मग नणंदेच्या मुलीचा साखरपुडा. बघू, बघू करता करता चार महिने होत आले. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. यांनाही नाही. पन्नाशीला एक वर्ष कमी असलेली बाई मी, वर्षानुवर्षं या पानावरून तुम्हाला शहाणपण सांगणारी! तांदळातला एवढासा खडा माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि स्वतःच्या अंगातल्या गाठीवर मी पदर ओढून घेतला होता.

भाचीला म्हटलं, "बघू गं. सवड झाली की बघू."

ती पोरगी काय म्हणाली असेल? म्हणाली, "मावशी, जपानीत एक वाक्य आहे, 'केन्तो शिमासु'. त्याचा अर्थ 'नीट विचार करून, तपासून बघतो'. दिसायला केवढं मोठं! पण आमच्या बाई सांगतात, व्यवहारात कुणी असं म्हणालं तर बहुतेक वेळा समजायचं की काम होणार नाही. तुझं 'बघू' तसंच आहे."

बघा ना, किती खरं! बघणं हेच क्रियापद घेऊन आपण न बघण्याचा शब्द तयार केलाय. दारावर आलेल्या विक्रेत्याला 'बघू', मुलानं सायकल मागितली की 'बघू', आणि स्वतःच्या दुखण्याला तर कायमचंच 'बघू'.

मग मी तिला सगळं सांगितलं. ती नर्स. ओरडली नाही, रडली नाही. उठून हात धुऊन आली आणि म्हणाली, "उद्या. मी येते बरोबर." संध्याकाळी यांना सांगितलं. हे बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "चार महिने एकटीनंच सोसलंस होय?" मला रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या लेडी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हातानं तपासलं, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करायला सांगितली, मग सुई घालून पाहिलं. रिपोर्ट यायचे ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी कुणी बोललं नाही. गाठ साधी निघाली. पाण्यानं भरलेली होती, सुईनंच रिकामी झाली. पण डॉक्टरीणबाई निघताना म्हणाल्या, "साधी निघाली हे तुमचं नशीब. चार महिने थांबलात हा तुमचा शहाणपणा नव्हे."

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका वहिनींचं नशीब तसं नव्हतं. मुलाचं लग्न पार पडेपर्यंत त्या दीड वर्ष बोलल्या नाहीत. ऑपरेशन झालं, केस गेले, सहा-आठ महिने घर उलटंपालटं झालं. आज त्या आहेत, हिंडताफिरताहेत, पण स्वतःच म्हणतात, "पहिल्या महिन्यात गेले असते तर एवढं भोगावं लागलं नसतं."

आपल्याकडे म्हण आहे, दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. जपान्यांकडेही तशीच आहे. गरम रश्श्यानं पोळलेला माणूस गार कोशिंबिरीवर फुंकर घालतो म्हणे! पण त्यांची आणखी एक म्हण मला जास्त आवडली. 'दगडी पूलसुद्धा ठोकून बघून मग ओलांडावा.' पूल पक्का दिसतोय, कुणी पडलेलं नाही, तरी ठोकून बघायचं. पोळल्यावरची सावधगिरी वेगळी आणि आधीची वेगळी. आपण बायका पोळल्यावरच्या सावधगिरीत पटाईत.

त्या आधीच्या सावधगिरीलाही त्यांच्याकडे शब्द आहे, 'केन्शिन'. हेसुद्धा दोन तऱ्हेनं लिहितात. एका तऱ्हेनं लिहिलं तर एकंदर प्रकृतीची तपासणी, दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलं तर काही त्रास नसताना एखाद्या विशिष्ट रोगासाठी केलेली तपासणी. १९७२ च्या कायद्यानं तिथं नोकरी देणाऱ्याला कामगारांची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. "मग घरात बसणाऱ्या बाईचं काय?" असं मी लगेच विचारलं. तर २००८ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या माणसांसाठी रक्तदाब, साखर वगैरेंची जी तपासणी सुरू झाली, तीत नवऱ्याच्या विम्यावर अवलंबून असलेली गृहिणीही धरली आहे. चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी स्तनांची मॅमोग्राफी असते, ती गावच्या नगरपालिकेमार्फत. आणि डोक्यापासून पायापर्यंतच्या सविस्तर तपासणीला ते काय म्हणतात ठाऊक आहे? 'निंगेन दोक्कु'. निंगेन म्हणजे माणूस आणि दोक्कु म्हणजे डॉक, गोदी! १९५४ साली हा प्रकार सुरू झाला. जहाज लांबच्या सफरीवरून आलं की गोदीत घेतात, तळ खरवडतात, कुठे गंजलंय, कुठे गळतंय ते बघतात. तसं माणसाला गोदीत घ्यायचं. माझगाव डॉकमध्ये ज्यांच्या घरच्यांनी नोकऱ्या केल्या त्यांना हे सांगायला नको. न दुरुस्त करता जहाज वर्षानुवर्षं पाण्यात ठेवलं तर काय होतं, ते त्यांना विचारा. आणि आपण? लग्न झाल्यापासून पाण्यातच!

आता कुणी म्हणेल, "जपान श्रीमंत देश, त्यांना परवडतं." म्हणून आपल्या मुंबईचीच गोष्ट सांगते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ साली मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका. त्यांतल्या साधारण निम्म्या बायकांचे स्तन दर दोन वर्षांनी, असं चार वेळा तपासले. यंत्रानं नव्हे, नुसत्या हातानं. आणि तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या बायकांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

त्याच अभ्यासाचा दुसरा भाग गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचा. तिथं तर स्वयंपाकघरातली वस्तू कामाला आली. व्हिनेगर! चार टक्क्यांचं सौम्य आम्ल गर्भाशयाच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते उजेडात नीट बघायचं. एवढ्यानं त्या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. (घरी स्वतः करायचा प्रकार नव्हे हा, शिकलेल्या हातांनीच करायचा.) म्हणजे शिकवलेली बोटं, तयार डोळा आणि ठरलेला दिवस एवढ्यावर जीव वाचतात. आमच्या वहीतली 'मेकिकी' ती हीच!

आता या पानाच्या रिवाजाप्रमाणे कामाच्या गोष्टी सांगते. कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

१) महिन्यातला एक दिवस धरा. पाळी संपल्यानंतरचे दिवस बरे, पाळी थांबली असेल तर महिन्याची एखादी तारीख. आरशासमोर उभं राहून एकेक मुद्दा बघा, तेन्केनसारखा. आकारात फरक, कातडी आत ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी, स्तनाग्र आत वळलेलं, त्यातून रक्त किंवा पाणी, काखेत गाठ. यातलं काहीही नवीन दिसलं तर डॉक्टरांकडे जायचं.

२) दुखत नाही म्हणून थांबू नका. पुष्कळदा वाईट गाठ सुरुवातीला दुखतच नाही. आणि दुखते म्हणजे वाईटच, असंही नाही. ते ठरवणं आपलं काम नव्हे.

३) मी स्वतः चाचपते, मग डॉक्टर कशाला, असं म्हणू नका. शांघायच्या कापडगिरण्यांतल्या अडीच लाखांवर बायकांना घेऊन असा अभ्यास झाला. नुसतं स्वतः चाचपायला शिकवून मृत्यू कमी झाले नाहीत, असं २००२ साली दिसून आलं. स्वतःच्या अंगाची ओळख हवीच, पण ताशिकामेरु, म्हणजे खात्री, दुसऱ्याच्या तयार हातांनी करून घ्यायची.

४) काही त्रास नसला तरी तिशीनंतर तपासून घ्या. आपल्या सरकारनं २०१६ साली ठरवलेल्या कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांची पाच वर्षांतून एकदा तपासणी धरलेली आहे. मशेरी, तंबाखू असेल तर तोंडाचं विशेष बघा. आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला हा रोग झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

५) पैशांसाठी अडू नका. विलेपार्ल्याचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी अशा पालिकेच्या रुग्णालयांत बाहेरच्या विभागात दाखवता येतं. जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात विचारा, पुढे कुठे जायचं ते सांगतात.

६) जाताना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि सोबत कुणालातरी न्या. आपल्याला ऐकू येतं, पण भीतीनं डोक्यात शिरत नाही. रिपोर्ट एका फायलीत तारखेप्रमाणे लावा. विजेच्या बिलांची फाईल आपण किती नीट ठेवतो!

७) आणि सगळ्यांत महत्त्वाचं. 'बघू' म्हणायचं झालं तर पुढे तारीख सांगा. "बुधवारी बघू." तारखेशिवायचं 'बघू' म्हणजे केन्तो शिमासु.

भाचीची परीक्षा झाली. पेपर बरा गेला म्हणते, निकाल अजून यायचा आहे. पोर एवढ्या लांब जाणार म्हणून माझ्या बहिणीच्या डोळ्यांना आत्तापासून धार लागली आहे. तिला आम्ही सांगितलंय, नेणाऱ्या एजंटाचा कागद न् कागद वाचून, पगार, राहणं, सुट्टी सगळं विचारून मगच सही करायची. गिन्मी! माझ्याही मनात कालवाकालव होतेच. पण परक्या मुलखातल्या कुणा म्हातारीला ती नीट बघेल, एवढी खात्री मला आहे. मला बघितलं ना तिनं.

त्या दिवशीचे तांदूळ तसेच ताटात राहिले होते. रात्री मी ते पुन्हा घेऊन बसले, तर सासूबाई जवळ येऊन बसल्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. ताट स्वतःकडे ओढून म्हणाल्या, "दे मी निवडते. आता मला दिसतं." मग जरा वेळानं हळूच म्हणाल्या, "माझंही एकदा दाखवून घेऊ का गं? कधी दाखवलंच नाही कुणाला." आमचं पुढच्या सोमवारचं ठरलंय.

तेव्हा मैत्रिणींनो, या खेपेला मला पाककृती विचारणारी पत्रं नकोत. एका ओळीचं पत्र लिहा, 'जाऊन बघितलं'. एवढंच. डिंक का फुलत नाही, ते आणि संक्रांतीच्या तिळाच्या वड्या मऊ कशा करायच्या, ते पुढच्या आठवड्यात.